इम्जारचे दगड, इम्जारचं जेवण

नमस्कार श्रोतेहो.

भूमध्य समुद्रातल्या माल्टाला जाणारा प्रवासी बहुधा वॅलेटा ही राजधानी बघतो, एम्दिनाचा जुना कोट बघतो, समुद्रात डुंबतो आणि परत फिरतो. इतिहासाची ओढ असेल तर दक्षिणेच्या कड्यावरचं हाजार ईम हे थोरलं मंदिर बघतो. ते बघायलाच हवं. पण आज मी तुम्हाला बेटाच्या वायव्येला, एका शेतकरी गावात घेऊन जाणार आहे. गावाचं नाव इम्जार. एक सांगून ठेवते, शेजारच्या गोझो बेटावर फेरीबोट जिथे लागते त्या बंदराचं नावही इम्जारच आहे. आपलं इम्जार माल्टाच्या मोठ्या बेटावरचं, द्राक्षमळ्यांचं आणि स्ट्रॉबेरीच्या शेतांचं. बसमध्ये चढताना एवढं विचारून घ्या.

या गावात ता हाज्रात आणि जवळच्याच झेब्बीह वस्तीत स्कोर्बा, अशी दोन प्रागैतिहासिक मंदिरं आहेत. १९९२ पासून दोन्ही युनेस्कोच्या जागतिक वारसा यादीत आहेत.

ता हाज्रातचं उत्खनन १९२३ ते १९२६ या काळात तेमी झामित यांच्या देखरेखीखाली झालं. मोठं मंदिर इसवी सनापूर्वी ३६०० ते ३२०० च्या दरम्यानचं, म्हणजे गिझाच्या पिरॅमिडांहून कितीतरी शतकं आधीचं. दोन उभे दगड आणि त्यांच्यावर आडवा टाकलेला तिसरा, असं त्याचं दार आहे. दर्शनी भिंतीला लागून दगडाचा बसका कट्टा आहे. आत गेलं की तीन बाजूंना तीन गोलाकार दालनं. धातूचं हत्यार या लोकांकडे नव्हतं. हे सगळं दगडाने दगड फोडून आणि माणसांच्या बळावर उभं राहिलेलं आहे. इथेच चुनखडीत कोरलेली एका इमारतीची इवलीशी प्रतिकृती सापडली. तळहातावर सहज मावेल एवढी, पण तिच्यावर छप्पर आहे! आज ही सगळी मंदिरं उघडी पडलेली दिसतात. त्यांवर छत कसं असावं याचा अंदाज बांधताना अभ्यासक या चिमुकल्या दगडाकडे वळतात.

माझा जीव मात्र जडलाय तो स्कोर्बावर.

पहिल्या नजरेत स्कोर्बा फारसं भरत नाही, हे खरं. काही उभ्या शिळा, त्यातली एक जवळजवळ साडेतीन मीटर उंच, आणि बाकी जोती. खोदकामाआधी तर ढिगाऱ्यातून एकच दगड वर डोकावत होता. १९६१ ते १९६३ या काळात डेव्हिड ट्रम्प या पुरातत्त्वज्ञांनी इथे थर उलगडत नेले, आणि मंदिराच्या खाली त्याहून जुनं गाव निघालं. मंदिरं बांधायच्या कित्येक शतकं आधीच्या झोपड्या, तांबड्या चकचकीत भांड्यांचे तुकडे, भाजलेल्या मातीच्या स्त्री-मूर्ती. त्याही खाली अकरा मीटर लांबीची एक सरळ भिंत, बेटावर पहिल्यांदा येऊन राहिलेल्या शेतकऱ्यांच्या काळातली. माल्टात माणूस केव्हा आला, काय पेरत होता, कशी भांडी घडवत होता, याचा क्रम या एका जागेमुळे नीट लागला. हाजार ईम बघून छाती दडपते. स्कोर्बात मात्र ती माणसं कळायला लागतात, आणि म्हणून माझा आग्रह आहे की थोरली मंदिरं बघायच्या आधी इथे या.

दारातली फरसबंदी वाकून बघा. तिच्यात पाच भोकं पाडलेली आहेत. देवतेला काहीतरी द्रव अर्पण करण्यासाठी ती असावीत, असं मानतात. आतली जमीन चुनखडीचा चुरा ओला करून चोपून बसवलेली. आपल्याकडच्या जुन्या घरातला कोबा आठवतो. पाच हजार वर्षांनीही ती ठिकठिकाणी टिकून आहे.

त्या सर्वांत जुन्या थरात जळून कोळसा झालेले दाणे मिळाले. सातू, गहू आणि मसूर! म्हणजे सात हजार वर्षांपूर्वी याच मातीत हे पिकत होतं. आजही गावाभोवती शेतंच आहेत, दगडी बांधांनी आखलेली.

आता जेवणाकडे वळू. चर्चच्या चौकात या. या चर्चचा घुमट अंड्याच्या आकाराचा आहे. गावकऱ्यांनी शेतमाल, विशेषतः अंडी विकून त्यासाठी पैसा उभा केला. चौकाच्या आसपास खाणावळी आहेत, आणि फेन्काता म्हणजे सशाच्या मटणाचं जेवण खायला बेटभरातून लोक इथे येतात. आधी सशाच्या रश्श्यातली स्पॅगेटी येते. मग लसूण आणि वाइनमध्ये मुरवून परतलेलं किंवा टोमॅटोच्या रश्श्यात शिजवलेलं मटण. एके काळी बेटावर सत्ता गाजवणाऱ्या सेंट जॉनच्या नाइट्सच्या, म्हणजे ख्रिस्ती सरदारांच्या संघाच्या राजवटीत सशाच्या शिकारीवर निर्बंध होते, त्यामुळे हे जेवण माल्टी माणसाच्या लेखी नुसतं चवीपुरतं राहिलं नाही, त्यात राज्यकर्त्यांना विरोधही मिसळला. घाईने जेवायचं हे ताट नाही. चार माणसं जमवा, दुपार मोकळी ठेवा.

ससा न खाणाऱ्यांनी हिरमुसायचं कारण नाही. होब्झ बिझ-झेत मागवा. जाड सालीच्या पावाची कापं करतात, पिकलेला टोमॅटो मधोमध चिरून पावावर असा घासतात की पाव लालभडक होतो. वर ऑलिव्हचं तेल, खारवलेल्या केपर्सच्या कळ्या, ऑलिव्ह, कधी पुदिन्याची पानं. त्यात ट्यूना मासाही घालतात, तेव्हा शाकाहारी मंडळींनी आधीच सांगावं. हाच मसाला फ्तीरा नावाच्या चपट्या गोल पावातही भरतात. फ्तीरा करण्याच्या परंपरेला २०२० साली युनेस्कोने अमूर्त वारसा म्हणून मान दिला. सोबत बिजिल्ला घ्या. वाळवलेल्या कडधान्याचे दाणे उकडून, लसूण आणि तेल घालून वाटलेलं हे पिठल्यासारखं दाट तोंडीलावणं मला फार आवडतं. शेळी-मेंढीच्या दुधाचं जबेय्ना हे छोटं गोल चीज ताजंही मिळतं आणि मिरीत घोळवून मुरवलेलंही. एप्रिलमध्ये गेलात तर गावात स्ट्रॉबेरीचा उत्सव असतो.

मंदिरं उघडी असण्याच्या वेळा मोजक्याच असतात. निघण्यापूर्वी हेरिटेज माल्टा या सरकारी संस्थेच्या संकेतस्थळावर त्या बघा आणि सकाळीच पोहोचा. दुपारच्या उन्हात तिथे सावली कमी. आणि पाओला गावातलं हाल सफ्लिएनी हे भुयारी दफनस्थळही बघायचं असेल, तर त्याचं तिकीट महिना-दोन महिने आधी काढा. आतली हवा आणि रंगकाम जपण्यासाठी तिथे दिवसाला ऐंशीच माणसं सोडतात.

वॅलेटातलं पुरातत्त्व संग्रहालय इम्जारनंतरच्या दिवसासाठी राखून ठेवा. ता हाज्रातची ती चिमुकली इमारत आणि स्कोर्बाच्या मातीच्या मूर्ती तिथल्या काचेमागे आहेत. त्या ज्या जमिनीतून निघाल्या तिच्यावर तुम्ही आदल्याच दिवशी उभे राहिलेले असाल.

नमस्कार.