पेडल मऊ लागतंय म्हणून लगेच मास्टर सिलेंडर बदलू नका

बसा बसा, मागं खुर्च्या आहेत की अजून. तर जुनी गाडी, म्हणजे मारुती आठशे, ओम्नी, कुणाकडं अजून पद्मिनी असंल, आणि ब्रेक दाबला की पाय आत आत जातोय. गॅरेजला नेलं की पहिलं वाक्य काय ऐकू येतं? "मास्टर सिलेंडर गेलाय, बदलूया." मास्टर सिलेंडर म्हणजे पेडल दाबलं की ब्रेक ऑइल चाकांकडं ढकलणारा पंप. कधीकधी तो खरंच गेलेला असतो, पण पैसे काढायच्या आधी पाच मिनिटं स्वतः पेडलवर पाय ठेवून बघा, कारण मऊ मऊ म्हणून सगळे एकच शब्द वापरतात आणि आत वेगवेगळी भानगड असते.

गाडी सपाटीला लावा, इंजिन बंद करा, आणि पेडल चार-पाच वेळा दाबून सोडा, म्हणजे बूस्टरमधला, पायाला जोर देणाऱ्या डब्यातला, व्हॅक्यूम संपतो. आता पाय दाबून तसाच धरा, अर्धा-एक मिनिट. पेडल हळूहळू खाली बसत गेलं तर एक तर कुठंतरी ऑइल गळतंय, नाहीतर मास्टर सिलेंडरच्या आतले रबरी कप ऑइल मागं सोडताहेत. बाहेर कुठं ओलं नाही, ब्रेक ऑइलच्या टाकीतली पातळी तीच, तरी पेडल बसतंय, तर मात्र मेस्त्रीचं खरं. पातळी उतरतेय पण बाहेर थेंब दिसत नाही असंही होतं, तेव्हा मास्टर बूस्टरला जिथं चिकटतो तिथं बघा, मागनं गळून ऑइल बूस्टरच्या पोटात जात असतं. आणि पाय दाबलेला असताना इंजिन चालू केलं की पेडल जरासं खाली जातंय, त्याला घाबरू नका, तो बूस्टर काम करतोय.

दुसरा प्रकार. पहिल्यांदा दाबलं की पेडल खोल जातं, लगेच परत दाबलं की वर येतं आणि दगडासारखं घट्ट. इथं बहुतेक मागच्या ड्रममधले लायनर, म्हणजे ड्रमला घासून चाक थांबवणारे पट्टे, झिजून ड्रमपासून लांब गेलेले असतात. त्यांना ड्रमजवळ आणणारा अ‍ॅडजस्टर फिरवा, झालं. आपोआप अ‍ॅडजस्ट होणारे असले तरी आपल्याकडच्या पावसात, विशेषतः खानापूर-जांबोटीकडच्या गाड्यांत, ते गंजून बसलेले असतात, खोलून साफ केल्याशिवाय फिरत नाहीत. पद्मिनीला तर चारी चाकांना ड्रम, चारी बघायचे.

तिसरा प्रकार, दाबताना स्पंजासारखं, दर दाबाला थोडं वर पण कडक कधीच नाही. म्हणजे लाइनमध्ये एअर. ऑइल दाबलं जात नाही, हवा दाबली जाते, तुमच्या पायाची ताकद चाकापर्यंत जायच्या आधी तिथंच खर्ची पडते. जुने रबरी होज, म्हणजे ऑइलच्या नळ्या, दाबताना फुगत असले तरी असंच लागतं, म्हणून एकानं पेडल दाबायचं आणि दुसऱ्यानं होजवर बोटं ठेवून बघायचं.

एअर काढायला दोन माणसं लागतात. आपल्याकडं आत बसलेला पोरगा कानडी असला की बाहेरनं "ओत्तु... हिडि" सुरू, मराठी असला की "दाब... धर", चाकाला काही फरक पडत नाही. चाकाजवळच्या निप्पलला, म्हणजे हवा सोडायच्या स्क्रूला, पारदर्शक पाइप, पाइपचं टोक बाटलीतल्या ऑइलात बुडलेलं. दाबून धरलं की निप्पल सोडायचा, बुडबुडे येतील, निप्पल बंद, मगच पाय वर. हा क्रम चुकला की हवा उलटी आत शिरते आणि दुपारभर तेच. टाकी मधेमधे भरत राहायची. साधारणपणे मास्टरपासून लांबचं चाक आधी घेतात, तरी आपल्या गाडीचं मॅन्युअल काय म्हणतं ते बघा. आणि जुन्या गाडीत पेडल पार फ्लोअरला टेकवू नका, खाली थोडं अंतर सोडा, नाहीतर पेडलखाली एक लाकडाचा तुकडा ठेवा, कारण सिलेंडरचा जो भाग कधी वापरात नसतो तिथं गंज धरलेला असतो आणि कप त्याच्यावरनं घासला की फाटतो. एअर काढायला गेलं आणि मास्टर गेला म्हणतात ते हे!

अजून एक, कॅलिपर, म्हणजे डिस्क ब्रेकची पकड, काढून परत बसवताना डावा उजवीकडं गेला तर निप्पल खाली येतो. हवा तर वर राहते, मग बाटलीभर ऑइल ओता, पेडल मऊच. निप्पल वरच्या अंगाला आहे का एवढं बघा.

आता चोर्ला घाटवाल्यांसाठी. कणकुंबी सोडून गोव्याकडं उतरताना पेडल मऊ होतंय आणि खाली चहा पिऊन आल्यावर परत ठीक, तर एअर शोधत बसू नका. ब्रेक ऑइल हवेतलं पाणी ओढतं. डॉट ३ दर्जाचं नवं ऑइल किमान २०५ डिग्रीला उकळतं, पाणी प्यालेलं १४० च्या आसपास. डॉट ४ चं हेच २३० आणि १५५. घाटात ब्रेकवर पाय ठेवूनच उतरलं की कॅलिपरमध्ये वाफ होते, वाफ म्हणजे परत हवाच. दोनेक वर्षांनी ऑइल बदला, उघडून ठेवलेली जुनी बाटली वापरू नका, आणि उतार गिअरमध्ये उतरा. इंजिन ऑइल मात्र चुकूनही टाकीत नको, सगळी रबरं फुगतात. ब्रेक ऑइल रंगावर सांडलं तर लगेच पाणी मारा, पुसत बसू नका.

काय म्हणताय? एअर काढून आठवड्यात परत मऊ? मग हवा कुठनंतरी शिरतेय. मागचा ड्रम काढा, लायनर ढकलणाऱ्या व्हील सिलेंडरच्या रबरी टोपीची कड स्क्रू ड्रायव्हरनं हलकेच उचला, आतनं ऑइल आलं की तोच चोर. लायनर भिजले असतील तर तेही बदलायचे, दोन्ही बाजूंचे, एकाच बाजूचे बदलले तर गाडी ब्रेकला एकीकडं ओढते.