धाप : पाण्यावरची शेती

(दृश्य : वरून दिसणारं पाणी. मधूनमधून हिरवे, लांबट पट्टे. एक होडी दोन पट्ट्यांमधून जाते.)

हे तळं नाही, शेत आहे. बांगलादेशच्या दक्षिणेला, पिरोजपूर जिल्ह्यातल्या नाझिरपूर भागात, जमीन इतकी सखल आहे की वर्षातले सहा ते आठ महिने ती पाण्याखालीच असते. गंगा, ब्रह्मपुत्रा आणि मेघना, तिन्ही नद्यांचं पाणी याच देशातून समुद्राला मिळतं, आणि त्यातलं नव्वद टक्क्यांहून जास्त पाणी देशाच्या सीमेबाहेरून येतं. वर आषाढाचा पाऊस. 1988 च्या पुरात देशाचा साठ टक्के भाग पाण्याखाली गेला होता, 1998 मध्ये त्याहूनही जास्त. पण नाझिरपूरला पाणी यायला महापूर लागत नाही. ते दरवर्षी येतं, आणि आलं की मुक्कामालाच येतं.

नांगर धरायला जमीन नाही. मग इथला शेतकरी जमीन तयार करतो.

(दृश्य : कमरेएवढ्या पाण्यात उभा माणूस. जलपर्णीचा ढीग. पाण्यावर आडवा टाकलेला बांबू.)

या जमिनीचा कच्चा माल म्हणजे जलपर्णी. जांभळ्या फुलांची ही वनस्पती मूळची दक्षिण अमेरिकेची. एकोणिसाव्या शतकाच्या अखेरीस ती बंगालात शिरली आणि बघता बघता तिने नद्या, खाड्या, भाताची खाचरं भरून टाकली. होड्या अडकू लागल्या. शेवटी 1936 साली सरकारला जलपर्णीविरुद्ध कायदा करावा लागला. आपल्या आवारात ती ठेवणं म्हणजे गुन्हा! सरकारने जिला शत्रू ठरवलं, तीच या लोकांनी पायाखाली घेतली.

आता नीट बघा. जिथे जलपर्णी दाट साचली आहे, तिथे तिच्यावरच लांब बांबू आडवे टाकलेत. माणूस त्या बांबूवर उभा राहतो. आजूबाजूची जलपर्णी ओढायची, पायाखाली रचायची, तुडवायची. पुन्हा ओढायची, पुन्हा तुडवायची. खाली लांब देठांची, जून झाडं. ती लवकर कुजत नाहीत, वाफा तरंगता ठेवतात. वर कोवळी, बारीक. ती लवकर कुजतात आणि त्यांचीच माती होते. हा हिशोब कुठल्या पुस्तकातला नाही, तळपायाला कळतो. पाय किती खचला यावरून अजून किती थर लागणार ते ठरतं.

मग काही दिवस वाफा तसाच सोडतात. थर दबला की वर दुसरा चढवायचा आणि बांबू काढून पुढच्या वाफ्याला न्यायचे. तयार वाफा मीटर-दीड मीटर रुंद असतो आणि लांबीला पन्नास-साठ मीटरपर्यंत जातो. रुंदी याहून वाढवत नाहीत, कारण दोन्ही बाजूंनी होडीत बसून हात मधोमध पोचला पाहिजे. याला म्हणतात धाप. गोपालगंजकडे गेलात तर हाच बैरा होतो.

(दृश्य : घराची ओसरी. बायका गोळे वळताहेत. बोटांचा क्लोजअप.)

धाप पुरुष बांधतात. पण धापेवर जे उगवतं त्याची सुरुवात इथे, ओसरीवर होते. वाफ्याचा वरचा थर अजून कच्चा आहे, त्यात बी थेट टाकलं तर कुजून जाईल. म्हणून आधी हे गोळे. कुजलेल्या पाणवनस्पतींचा लगदा मुठीत दाबायचा, त्याला दुलालीलता नावाच्या पाणवेलीचा वेढा द्यायचा, लाडवासारखा घट्ट वळायचा आणि मधे बोटाने खळगा करून मोड आलेलं बी बसवायचं. या गोळ्याला इथे दौल्ला म्हणतात. लगदा सैल राहिला तर गोळा फुटतो, फार आवळला तर मुळाला वाट मिळत नाही.

या बोटांकडे बघा. दिवसभर ओल्या लगद्यात राहून कातडी पांढरी पडली आहे. शेजारी शाळेतून आलेली मुलंही वळायला बसलीत. शेतीच्या हिशोबात ही मजुरी बहुधा लागतच नाही, आणि हिच्याशिवाय धापेवर एक रोप उभं राहत नाही, हेही तितकंच खरं.

कोंब वर आला की गोळे होडीत भरून धापेवर नेतात, ओळीने मांडतात. दुधी, लाल भोपळा, वांगी, मिरची, टोमॅटो, पपई. रोपांबरोबरच भेंडी, लाल माठ, हळदही धापेवर होते. पाणी घालायचा प्रश्न नाही आणि खत पायाखालीच कुजतंय. पाणी वाढलं की धाप वर उचलली जाते, ओसरलं की खाली बसते.

(दृश्य : नदीवरचा बाजार. होडीला लागून होडी, रोपांनी भरलेली.)

हा बेलुआ नदीवरचा बैठाकाटा बाजार. दुकानदार होडीत, गिऱ्हाईकही होडीत. लांबून आलेले व्यापारी रोपं घेऊन जातात. पाऊस सरताना जिथे जमीन उघडी पडते, तिथल्या भाजीची सुरुवात या रोपांनी होते. अर्थात हंगामाआधी दादन, म्हणजे व्यापाऱ्याकडून उचल घेतलेली असेल, तर भाव तोच ठरवतो. जलपर्णीही आता सगळीकडे फुकट मिळत नाही. आणि दक्षिणेकडून खारं पाणी वर सरकलं, तर तीच तगणार नाही.

2015 साली संयुक्त राष्ट्रांच्या अन्न आणि कृषी संघटनेने या शेतीला जागतिक महत्त्वाचा कृषी वारसा म्हणून मान्यता दिली. सरकारच्या कृषी विस्तार खात्याने ती इतर जिल्ह्यांतही नेली. तिथे शिकवायला जे आहे, ते यंत्र नाही आणि बियाण्याची पिशवीही नाही. बांबूवर तोल सांभाळून उभं राहायचं कसं, इथपासून सुरुवात आहे.

(दृश्य : ओसरलेलं पाणी, चिखल. कोयत्याने धाप कापणारी दोन माणसं.)

थंडी सुरू झाली की पाणी उतरतं आणि धाप जमिनीवर टेकते. आतापर्यंत ती काळी, भुसभुशीत झालेली असते. काहीजण तिच्यावरच हिवाळी भाजी घेतात. बाकीचे तिचे तुकडे करून शेतात पसरतात आणि त्यावर बोरो भाताची लावणी होते. ज्यांना शेतच नाही, ते हा काळा माल होडीत भरून विकतात.