लाल ठिपका

(पुण्यातल्या एका सोसायटीच्या सभागृहात झालेल्या व्याख्यानाचं संपादित शब्दांकन)

तुम्ही विषय दिलात ‘साधी राहणी’. मी म्हटलं, बोलतो, पण कपाटापासून नाही, कचऱ्याच्या बादलीपासून सुरुवात करतो. सेक्रेटरी जरा दचकलेच. पण बघा, 2018 साली राज्यात प्लास्टिकच्या पिशव्यांवर बंदी आली, तेव्हापासून माझ्या घरी सतरा कापडी पिशव्या जमल्यात. जिथे बोलायला जातो तिथे एक मिळते. आज तुम्ही अठरावी दिलीत! बादलीत मात्र काल काय मागवलं, काय उरलं, काय नासलं, सगळं दिसतं. आणि आपल्याला ते दिसो न दिसो, रोज सकाळी ते हाताने चिवडणाऱ्या बाईला दिसतंच.

माझ्या घरी काचेचा पेला फुटला होता. तुकडे गोळा केले आणि दिले टाकून भाजीच्या देठांत. दुसऱ्या दिवशी कचरा न्यायला येणाऱ्या मावशींच्या बोटाला चिंधी गुंडाळलेली. त्या भांडल्या नाहीत. एवढंच म्हणाल्या, ‘काका, काच असली की सांगत जा, मी वेगळी घेते.’ मी आयुष्यभर शाकाहारी, मुंगीलाही वाट देणारा. त्या दिवशी माझी अहिंसा दाराच्या आतच राहिली होती.

आता हे हात कुणाचे, तेही सांगतो. कागद, काच, पत्रा वेचणाऱ्या बाया या शहरात पिढ्यान्‌पिढ्या कुंड्या उपसत आल्या. बहुतेक दलित समाजातल्या. खांद्यावर पोतं दिसलं की लोक चोर समजायचे. 1993 साली त्यांची संघटना उभी राहिली, कागद काच पत्रा कष्टकरी पंचायत. बायांना ओळखपत्रं मिळाली. आपल्याला ओळखपत्र म्हणजे गळ्यातला पट्टा. त्यांना ते ‘मी चोर नाही’ असं सांगणारा कागद होता. पुढे 2008 मध्ये त्यांचीच ‘स्वच्छ’ ही सहकारी संस्था महापालिकेशी करार करून दारोदार कचरा घेऊ लागली. त्या बाया कुंडीपासून आपल्या उंबऱ्यापर्यंत आल्या. आपण त्यांना हाक काय मारतो? ‘कचरेवाली आली!’ कचरा आपला आणि कचरेवाली ती.

त्यांची कमाई दोन वाटांनी होते. एक, घरोघरचं महिन्याचं शुल्क. दुसरी, सुक्या कचऱ्यातून निघणारं भंगार. म्हणून दुधाची पिशवी रिकामी करून विसळून सुक्यात टाकली तर तिचे पैसे होतात. तशीच टाकली तर संध्याकाळपर्यंत आंबते, भंगारवाला तोंड फिरवतो. पिशवीचा कोपरा कापतानाही तो पूर्ण तोडू नका, लटकता ठेवा. तो इवला तुकडा वेचता येत नाही, गटारात जातो. चिप्सच्या चकचकीत पाकिटांना तर जवळपास भावच नसतो, त्यात प्लास्टिक आणि धातूचे थर चिकटलेले असतात. ते पाकीट दुकानातच ठेवून यावं, हे जमलं तर उत्तम. मला नेहमी जमत नाही. नातवंडं आहेत.

इथे गाडगेबाबा आठवतात. 1876 ते 1956 अशी ऐंशी वर्षं. अंगावर चिंध्या, हातात खराटा. गावात शिरले की आधी रस्ते झाडायचे, कीर्तन रात्री. भाकरी मागायचे तर आधी काम करायचे, मग खायचे. आपण खराट्यासकट त्यांचा फोटो भिंतीवर लावला आणि खराटा दुसऱ्यांच्या हाती दिला.

आता मुख्य गोष्ट, आणि सभेत बोलायला थोडी अवघड. सॅनिटरी पॅड आणि डायपर. ते ओल्यासुक्यात उघडे टाकले की कुणाला तरी ते बोटांनी वेगळे काढावे लागतात. 2016 च्या घनकचरा नियमांनीच ते नीट गुंडाळून द्यायला सांगितलं होतं. ‘स्वच्छ’च्या बायांनी त्यावर साधी युक्ती काढली: कागदात गुंडाळा, वर लाल ठिपका काढा. ठिपका दिसला की पुडी न उघडता बाजूला ठेवता येते. आमच्या घरी सून आली तेव्हा बायकोने तिला स्वयंपाकघर दाखवलं. बाथरूमच्या खिडकीतलं लाल स्केचपेन आणि रद्दीचा गठ्ठा मी दाखवला. ती हसली. दोन दिवस मलाच अवघडल्यासारखं झालं होतं.

(इथे श्रोत्यांमधून प्रश्न आला: महिन्याचं शुल्क वाढवून मागतात, त्याचं काय?)

द्या की. परवा मॉलमध्ये गाडी लावायचे किती दिलेत? तिथे घासाघीस केलीत का? मावशींशी मात्र दारात पंधरा मिनिटं हुज्जत घालतो आपण. आणि त्यांच्या सुट्टीचंही बोला एकदा सोसायटीच्या बैठकीत. दिवाळीत कचरा दुप्पट होतो, आणि त्यांच्याही घरी दिवाळीच असते.

आणखी कुणाला विचारायचंय? ...ती बाटली? राहू द्या, पाणी संपवून मी घरी घेऊन जातो. अठराव्या पिशवीत मावेल.