टाचेतला काटा

पहाटेचे साडेपाच. यवतमाळ जिल्ह्यातलं एक गाव, बाहेर अजून अंधारच आहे. काकू खाटेवरून उठल्या, पाय भुईला टेकवला आणि भिंत धरली. आता बघा, चुलीपर्यंत त्या चवड्यावरच जातील. दहा-पंधरा पावलं झाली की दुखणं जरा सैल पडतं, मग दिवसभर पराटीत वाकून कापूस वेचायचा, मधे जेवायला बसून उठलं की परत तीच कळ.

"मले वाटलं बाभळीचा काटाच रुतला बाप्पा," काकू सांगतात. पोरानं सुईनं टोकरून पाहिलं, काहीच निघालं नाही. मग वीट तापवून वर रुईचं पान ठेवून शेक झाला, मग कोणी म्हणालं बिबा लाव, तो असा उतला की टाचेची सालच निघाली आणि आठ दिवस मजुरी बुडाली ते वेगळंच. शुगरवाल्यांनी तर तापल्या विटेच्या वाटेला जाऊच नये, पाय बधिर असला तर भाजलेलं कळत पण नाही.

एक्स-रे काढला तेव्हा कळलं, हाड वाढलंय. गावभर हेच झालं, काकूचं हाड वाढलं. आता गंमत अशी की टाचेचं हाड असं वाढलेलं कितीतरी लोकांना असतं आणि त्यांना काडीचं दुखत नाही. दुखतो तो तळपायाचा जाड पट्टा, टाचेपासून बोटांपर्यंत ताणलेला, प्लांटर फॅशिया म्हणतात त्याला. रात्रभर पाय आखडलेला राहतो, सकाळी पहिल्या पावलाला पट्टा एकदम ताणला जातो, म्हणून ती कळ. याला सगळे सूज म्हणायचे, पण २००३ साली ऑपरेशनच्या ५० केसेसमधले तुकडे तपासून एक अभ्यास आला, त्यात सूज नाही तर झीज दिसली.

काकूंना स्टिरॉइडचं इंजेक्शन मिळालं. महिनाभर एकदम मस्त, मग जैसे थे. हे इंजेक्शन वाईट नाही, पण परत परत घेतलं तर टाचेखालची चरबीची गादी पातळ होते, कधी पट्टा तुटतो सुद्धा. गादीच गेली तर भेगाळलेल्या वावरात चालायचं कशावर?

दुसरा उपाय शॉकवेव्ह. नाव ऐकून काकू घाबरल्या, "करंट देते का?" नाही हो, करंट नाही, दाबाच्या लाटा असतात. १९८० साली जर्मनीत म्युनिकला किडनीचा खडा फोडायला ही मशीन पहिल्यांदा माणसावर वापरली, २००० साली अमेरिकेत टाचेसाठी मंजुरी मिळाली. चिरा नाही, टाका नाही, साधारण आठवड्याला एक अशा ३ ते ५ वेळा जायचं. पण दर वेळी एसटीचं भाडं आणि एका दिवसाची वेचणी गेली, हे मशीनच्या किमतीत कुणी धरत नाही.

पीआरपी म्हणजे आपलंच रक्त काढून यंत्रात फिरवायचं आणि त्यातला प्लेटलेटवाला भाग टाचेत टोचायचा. आराम हळूहळू पडतो, आणि आधी-नंतर काही दिवस दुखण्याच्या गोळ्या बंद. काकू तर किराणा दुकानातून गोळी आणून रोज खातात, हे डॉक्टरांना सांगितलंच नव्हतं!

याच्याही पुढे सोनोग्राफीत बघत बघत सुईनं पट्टा मोकळा करणं, नाहीतर छोट्या छिद्रातून दुर्बीण घालून त्याचा थोडा भाग कापणं. पूर्ण कापत नाहीत, कारण पायाची कमान त्याच पट्ट्यावर उभी आहे, ती खचली तर नवीनच दुखणं. आणि इथपर्यंत फार थोड्यांनाच जावं लागतं, दहातल्या आठ-नऊ जणांची टाच वर्षभराच्या आत साध्या व्यायामानं आणि बऱ्या चपलेनं ठीक होते.

तो व्यायाम हा. बोटांखाली टॉवेलची गुंडाळी, ओट्याच्या पायरीवर चवडे, टाच हळू वर, हळूच खाली, एक दिवसाआड. झिजलेली रबरी स्लीपर काकूंनी टाकली, तीही पोरीनं ओरडून.

पीआरपीचं विचारलं तर म्हणाल्या, "संक्रांत होऊ द्या, वेचणी सरली का पाहू." आणि मजुरांची गाडी आली म्हणून पायरीवरून उतरल्या, मोजणी बारावर राहिली.