आधी जेवण ठरवा, मग रस्ता

अमेरिकेच्या नैर्ऋत्येकडच्या वाळवंटातून गाडीने फिरायचं ठरलं की नकाशावर पहिली खूण होते ती ग्रँड कॅनियनवर. आमचं सांगणं वेगळं आहे. आधी कुठे काय खायचं ते ठरवा, रस्ता आपोआप आखला जाईल. कारण या मुलखात काय पिकणार आणि कधी पिकणार हे पावसाच्या हातात आहे. इथलं पान समजलं, की इथली माणसं समजतात.

महिना धरा ऑगस्टअखेरचा. ऊन कडक असतं, पण उन्हाळी पावसाने, ज्याला इथेही मान्सूनच म्हणतात, वाळवंट हिरवं झालेलं असतं. आणि मिरची तोडणीला आलेली असते.

सुरुवात करायची अ‍ॅरिझोनातल्या टूसॉनपासून. 2015 मध्ये युनेस्कोने खाद्यसंस्कृतीसाठी निवडलेलं अमेरिकेतलं हे पहिलं शहर. रात्री गाड्यांवर सोनोरन हॉट डॉग, म्हणजे बेकन गुंडाळलेला सॉसेज भरलेला पाव, मिळतो, तो मांसाहारींनी जरूर खावा. पण सकाळी शहराच्या दक्षिणेला, सान झेवियरच्या पांढऱ्याशुभ्र मिशन चर्चकडे चला. हा तोहोनो ओओधम या मूलनिवासी लोकांचा प्रदेश. जवळच्या सहकारी शेतावर टेपरी नावाचं कडधान्य विकत मिळतं. हातात घेऊन बघा: बारीक, चपटे दाणे, काही पांढरे, काही तपकिरी. उन्हाळी पावसाच्या ओलीवर हे पीक उभं राहतं, आणि पाणी जास्त झालं तर पानंच माजतात, शेंगा कमी धरतात. रात्रभर भिजवून, बराच वेळ शिजवावं लागतं. साग्वारो या उंच निवडुंगाची फळं मात्र जूनमध्येच उतरवतात. लांब काठीने ती पाडायची, गर आटवून पाक करायचा. ओओधमांचं नवं वर्ष या तोडणीपासून सुरू होतं.

टूसॉनहून पूर्वेला न्यू मेक्सिकोतल्या हॅचपर्यंत सव्वाचारशे किलोमीटरच्या आसपास अंतर आहे. गाडीत माणशी चार लिटर पाणी हवंच. पाऊस लांब डोंगरात पडतो आणि लोंढा येतो आपल्या पुढ्यातल्या कोरड्या ओढ्यातून. रस्त्यावरून पाणी वाहत असेल तर थांबा. रस्ता बंद करायला लावलेले अडथळे ओलांडून गाडी घातली आणि अडकलात, तर अ‍ॅरिझोनात सुटकेचा खर्च कायद्याने तुमच्याकडून वसूल होऊ शकतो.

हॅच आलं हे आधी नाकाला कळतं. दुकानाबाहेर जाळीचा गोल पिंप फिरतोय, खालून गॅसच्या ज्वाळा, आत पोतंभर हिरव्या मिरच्या तडतडतायत. काही मिनिटांत साल काळी पडते. मग पिशवीत बांधून वाफ धरू द्यायची आणि भरताच्या वांग्यासारखी साल सोलायची. आजच्या लांब, मांसल मिरचीमागे फाबियान गार्सिया या मेक्सिकोत जन्मलेल्या शास्त्रज्ञाची मेहनत आहे. 1921 मध्ये त्यांनी ‘न्यू मेक्सिको नंबर 9’ हे वाण आणलं. आपल्याकडे मिरची आणली पोर्तुगीजांनी, गोव्यातून. तीही याच खंडातली.

खाणावळीत बसलात की विचारतील, ‘रेड ऑर ग्रीन?’ म्हणजे मिरची लाल हवी की हिरवी? हा न्यू मेक्सिको राज्याचा अधिकृत प्रश्न आहे. दोन्ही हव्या असतील तर ‘ख्रिसमस’ म्हणायचं. शाकाहारी असाल तर आणखी एक विचारा: मिरचीच्या रश्श्यात मांस आहे का, आणि घोटलेल्या राजम्यात डुकराची चरबी आहे का? पुष्कळदा असते.

हॅचहून उत्तरेला, मग सोकोरोवरून पश्चिमेला वळा. वाटेत माळावर रेडिओ दुर्बिणींच्या 27 तबकड्या दिसतील. पुढे पाय टाउन. नावाप्रमाणे इथे ‘पाय’ (pie), म्हणजे सारण भरून भट्टीत भाजलेला पदार्थ, खायचा, सफरचंद आणि हिरव्या मिरचीचा मिळाला तर तोच.

तिथून नावाहो या मूलनिवासी लोकांच्या प्रदेशात शिरलात की रस्त्याकडेच्या टपऱ्यांवर मटणाचा रस्सा आणि तळलेला फुगीर फ्राय ब्रेड दिसेल. 1864 मध्ये अमेरिकी लष्कराने नावाहोंना घरादारातून हाकलून शेकडो किलोमीटर चालवत बॉस्क रेडोंडोच्या छावणीत नेलं. शेती, मेंढ्या, फळबागा गेल्या. शिधा म्हणून हाती आलं पीठ आणि चरबी. त्यातून ही रोटी झाली, असं नावाहो सांगतात. 1868 च्या करारानंतर ते आपल्या भूमीत परतले आणि रोटीही सोबत आली. कुणासाठी ती आजीच्या हातची चव आहे, कुणाला ती खाताना त्या छावणीची आठवण होते. खा, पण हे माहीत असू द्या.

घड्याळही सांभाळा. उन्हाळ्यात अ‍ॅरिझोना काटे पुढे करत नाही, नावाहो प्रदेश करतो, आणि त्याने वेढलेला, होपी या दुसऱ्या मूलनिवासी लोकांचा प्रदेश पुन्हा करत नाही. तासाभराच्या फरकाने टपरी बंद सापडते.

शेवटचा मुक्काम होपी गावांत. तिथे चित्रीकरणाला मनाई आहे, म्हणून पीकी ही तिथली पातळ रोटी दाखवत नाही, सांगतो. निळ्या मक्याचं पीठ राखेच्या पाण्यात पातळ कालवतात. तापलेल्या गुळगुळीत दगडावर ते उघड्या हाताने सारवतात. क्षणात कागदासारखा पापुद्रा सुटतो, त्याची गुंडाळी करतात. कुणी होपी बाई विकायला बसली असेल, तर सांगेल ती किंमत द्या, घासाघीस करू नका.