रात्रपाळीची साक्ष

(दृश्य : महापालिका मार्ग, संध्याकाळ. सीएसटीकडे धावणारी गर्दी. कॅमेरा हळूहळू कामा रुग्णालयाच्या जुन्या इमारतीकडे वळतो.)

सीएसटीवरून मेट्रो सिनेमाकडे चालत निघालं की वाटेत कामा लागतं. पेस्तनजी होरमसजी कामा यांच्या देणगीतून 1886 साली हे रुग्णालय सुरू झालं, ते फक्त बायका-मुलांसाठी. पुरुष डॉक्टरसमोर जायचं नाही म्हणून दुखणं अंगावर काढणाऱ्या बायका त्या काळी घरोघरी होत्या. म्हणून इथला कारभार पहिल्यापासून बायकांच्या हाती दिला गेला. पहिल्या प्रमुख होत्या डॉ. एडिथ पीची.

आज मात्र आपण डॉक्टरांबद्दल बोलणार नाही.

(दृश्य : रात्रीचा वॉर्ड. टेबलावर दिवा, रिपोर्ट बुक, बीपीचं यंत्र.)

सरकारी कागदावर तिला अधिपरिचारिका म्हणतात. तिच्यावर परिसेविका, त्यावर अधिसेविका. रुग्णांना यातला एकही शब्द ठाऊक नसतो. त्यांच्यासाठी ती सिस्टर. दिवसा वॉर्डात मोठे डॉक्टर राउंडला येतात, विद्यार्थी असतात, नातेवाईक असतात. रात्री सगळे पांगतात. निवासी डॉक्टर असतो, पण तो लेबर रूममध्ये, नाहीतर ऑपरेशनला उभा. रात्री वॉर्ड सिस्टरचाच असतो. कुणाचं बीपी पुन्हा बघायचं, कुणाच्या कळा खऱ्या नि कुणाच्या खोट्या, डॉक्टरला आत्ताच उठवायचं की अर्धा तास थांबायचं, हे सगळं तीच ठरवते. आणि हे ती ठरवते असं कुठल्याही नियमात लिहिलेलं नसतं.

बुधवार, 26 नोव्हेंबर 2008. प्रसूतिपूर्व वॉर्डात अंजली कुलथे यांची रात्रपाळी होती. वॉर्डात 20 गरोदर बायका.

सीएसटीवर पन्नासहून अधिक माणसं मारून दोन दहशतवादी मागच्या गल्लीतून कामा रुग्णालयाच्या आवारात शिरले. कुलथे सिस्टरनी ते खिडकीतून पाहिलं. दोन पहारेकरी डोळ्यांदेखत पडले. वॉर्डातल्या मावशींना गोळी लागली.

(दृश्य : अरुंद पॅन्ट्री. ओटा, भांडी. कॅमेरा खाली जमिनीवर स्थिर.)

त्यांनी वॉर्डाचं दार लावून घेतलं, जखमी मावशींच्या उपचाराची सोय पाहिली आणि विसाच्या वीस बायकांना पॅन्ट्रीत नेलं. ही तीन कामं एका वाक्यात सांगून झाली. पण नऊ महिने भरलेल्या बाईला झोपेतून उठवून, न ओरडता, न पळवता चालवत न्यायचं म्हणजे काय, हे ज्यांनी अशी बाई घरात पाहिली आहे त्यांना सांगायला नको. त्या वीस होत्या. आणि वर गच्चीकडून हातबॉम्बचे आवाज येत होते. तिथे पोलीस अधिकारी सदानंद दाते यांची तुकडी त्या दोघांशी लढत होती. दाते जखमी झाले. प्रकाश मोरे आणि विजय खांडेकर हे पोलीस तिथे कामी आले.

त्यातच एका बाईला कळा सुरू झाल्या. तिचं बीपी वाढलेलं होतं.

इथे जरा थांबू. गरोदरपणात बीपी वाढलेल्या बाईला झटके येण्याची भीती असते. झटका आला तर आई आणि बाळ, दोघंही जाऊ शकतात. म्हणून नर्सिंगच्या अभ्यासातच शिकवतात : अशा बाईला शांत खोलीत ठेवा, उजेड मंद ठेवा, आवाज करू नका, तिला दचकवू नका. त्या रात्री कामा रुग्णालयात यातलं काय शक्य होतं?

डॉक्टर वॉर्डापर्यंत येऊ शकत नव्हते. बाईला इथेच ठेवलं तर धोका होता, बाहेर काढलं तरी धोका होता. कुणाला विचारायची सोय नव्हती. कुलथे सिस्टरनी तिचा हात धरला आणि जिन्यात भिंतीला लागून एकेक पायरी चढत तिला लेबर रूमपर्यंत नेलं. तिथे ती सुखरूप बाळंत झाली.

(दृश्य : कामाच्या फाटकाबाहेरची सकाळ. चहाची टपरी.)

एवढ्यावर थांबलो असतो तर ही शौर्यकथा झाली असती. तशा पुष्कळ झाल्या आहेत, फेटे बांधून, शाली घालून. मला मात्र त्यानंतरचं जास्त महत्त्वाचं वाटतं.

गोळीबार चालू असताना माणूस जे करतो ते बरंचसं अंगात मुरलेलं असतं. हात आपोआप चालतात. साक्षीचं तसं नसतं. साक्षीला समन्स येतं, तारीख पडते, आणि मधले दिवस विचार करायला मोकळे असतात. नको म्हणायला शंभर कारणं सापडतात. घर आहे, मुलंबाळं आहेत, उद्या कुणी डूख धरला तर? कुलथे सिस्टर आर्थर रोड तुरुंगात गेल्या, त्यांनी अजमल कसाबला ओळखलं आणि न्यायालयात तसं सांगितलं. साक्ष गणवेशात द्यायची, असा त्यांचा आग्रह होता.

का बरं? कुणी म्हणेल, गणवेशाचा अभिमान. असेलही. मला त्यात आणखी एक गोष्ट दिसते, आणि ती दिसण्यासाठी पुन्हा वॉर्डात जावं लागेल.

(दृश्य : रिपोर्ट बुकचं जवळून चित्रण. तारीख, वेळ, सही. नाव दिसत नाही.)

पहाटेचे तीन. एका बाईचं बीपी चढतंय. सिस्टर डॉक्टरला फोन करते. पलीकडून झोपाळू आवाज येतो, ‘सकाळी बघू.’ ती पुन्हा बीपी घेते. आकडा आणखी वर. आता ती काय करते? पुन्हा फोन करते, ओरडा खाते. तरी कुणी आलं नाही, तर वही उघडते आणि लिहिते : इतके वाजता कळवलं, इतके वाजता पुन्हा कळवलं, बीपी इतकं. खाली सही. त्या दोन ओळींमुळे उद्या तिच्यावर डूख धरला जाऊ शकतो, तिची पाळी बदलू शकते. तरी लिहिते. सगळ्याच लिहितात असं नाही. काहीजणी ‘कशाला नसती कटकट’ म्हणून वही मिटतात, आणि त्यांना दोष देणं मला तरी जमत नाही. योग्य काय ते कळतं पण व्यवस्था करू देत नाही, या घुसमटीला 1984 साली अँड्र्यू जेमटन या तत्त्वज्ञानं नैतिक क्लेश असं नाव दिलं. त्यानं ते नाव परिचारिकांचंच काम डोळ्यांपुढे ठेवून दिलं होतं.

पाहिलं ते, पाहिलं त्या वेळेसकट, आपल्या नावानं सांगायचं. कोर्टात कुलथे सिस्टरनी हेच केलं. गणवेश नसता तर ती एका घाबरलेल्या बाईची आठवण ठरली असती. गणवेशात ती रात्रपाळीच्या सिस्टरची नोंद होती.

(दृश्य : प्रशिक्षण वर्ग. पुतळ्यावर प्रसूतीचा सराव करणाऱ्या परिचारिका.)

अमेरिकेत कोलोरॅडो विद्यापीठात 1965 साली लोरेटा फोर्ड या परिचारिकेनं आणि हेन्री सिल्व्हर या बालरोगतज्ज्ञानं नर्स प्रॅक्टिशनरचा पहिला अभ्यासक्रम सुरू केला. तपासायचं, निदान करायचं, उपचार ठरवायचे, एवढा अधिकार असलेली परिचारिका त्यातून तयार होऊ लागली. आपल्याकडे हे फार उशिरा आलं. केंद्र सरकारनं 2018 साली मिडवाइफरी सेवेची मार्गदर्शक तत्त्वं काढली आणि 18 महिन्यांच्या प्रशिक्षणातून प्रसूतीतली नर्स प्रॅक्टिशनर घडवायचं ठरवलं. गुंतागुंत नसलेली बाळंतपणं तिनं स्वतःच्या जबाबदारीवर करावीत, गुंतागुंत दिसली की वेळेत डॉक्टरकडे पाठवावं, अशी ही योजना. 2023 साली 1947 च्या नर्सिंग कौन्सिल कायद्याच्या जागी नवा कायदा झाला.

चांगलंच झालं. पण रात्रीच्या वॉर्डात हे निर्णय सिस्टर आधीपासून घेतच होत्या. तेव्हा चुकलं तर दोष तिचा, आणि बरोबर आलं तर नाव केस पेपरवरच्या डॉक्टरचं. नव्या पदामुळे हा हिशोब बदलतो का, ते रात्री तीनच्या त्या फोनवरच कळेल.

(दृश्य : सुरक्षा परिषदेचं नालाच्या आकाराचं मेज. मग पुन्हा वॉर्डाचा दिवा.)

15 डिसेंबर 2022. संयुक्त राष्ट्रांच्या सुरक्षा परिषदेचं अध्यक्षपद त्या महिन्यात भारताकडे होतं. दहशतवादावरच्या बैठकीत परराष्ट्रमंत्री एस. जयशंकर अध्यक्षस्थानी होते. पडद्यावर मुंबईहून अंजली कुलथे. कसाबला पश्चात्तापाचा लवलेश नव्हता, हे त्यांनी तिथेही सांगितलं.

सकाळी पाळी संपताना सिस्टर पुढच्या सिस्टरला ओव्हर देते, म्हणजे रात्री वॉर्डात काय झालं ते सांगते. त्या रात्रीची ओव्हर चौदा वर्षांनी इतक्या लांब पोचली होती. वॉर्डाच्या भाषेत ती एवढीच झाली असती : रुग्ण वीस. मावशी जखमी, उपचार सुरू. एक प्रसूती, आई आणि बाळ ठीक.

(पडदा काळा. ट्रॉलीच्या चाकांचा आवाज.)