समुद्र बेटाचा, चव ऊसमळ्याची

(पहाटेचा चौक. मोठी छत्री, खाली टेबल, वाफाळतं पातेलं.)

क्युरेप. कॅरिबियनमधल्या त्रिनिदाद बेटावरचं नाक्याचं, सतत वर्दळीचं गाव. इथून समुद्र दिसत नाही, गाजही ऐकू येत नाही. पण सुट्टीच्या दिवशी किनाऱ्याकडे निघालेली गाडी आधी अशाच एखाद्या नाक्यावर थांबते. लाटांत शिरायचं तर पोटाला आधार हवा, आणि इथला आधार म्हणजे डबल्स.

(जवळून: विक्रेत्याचे हात.)

या हातांकडे नीट बघा. तळहातावर कागद. त्यावर हळदीनं पिवळा झालेला, पुरीपेक्षा मऊ असा एक तळलेला ‘बारा’, आणि त्याला जरासा चिकटून दुसरा. वर काबुली चण्यांची पळीवाढी उसळ. मग चिंचेची चटणी, काकडीचा कीस, किसलेल्या कैरीचा तिखट कुचेला, आणि शॅडो बेनीची हिरवी चटणी. शॅडो बेनी म्हणजे लांबट, कातरलेल्या कडांचं पान. वास कोथिंबिरीचा, पण चौपट उग्र. कागदाची दोन टोकं धरून एक गिरकी, आणि पुडी तयार. पुढचा गिऱ्हाईक तोवर बोललेलाही असतो, ‘स्लाइट’. म्हणजे मिरची बेतानं.

कोल्हापूर किंवा खानदेशातून आलेल्यांनीही पहिल्या दिवशी ‘स्लाइट’च म्हणावं. मोरुगा स्कॉर्पियन ही मिरची याच बेटाची. २०१२ साली न्यू मेक्सिको स्टेट युनिव्हर्सिटीच्या संशोधकांनी तिला जगातली सर्वांत तिखट मिरची ठरवलं होतं. ठेच्याची सवय इथे फार दूरवर साथ देत नाही.

(जुनं छायाचित्र: ऊसमळा, कोयते, डोक्याला फडकी बांधलेले मजूर.)

१८३८ मध्ये इथले गुलाम पूर्ण मोकळे झाले आणि मळेवाल्यांना हात कमी पडू लागले. ३० मे १८४५ रोजी ‘फतेल रझाक’ हे जहाज कलकत्त्याहून पोर्ट ऑफ स्पेनला लागलं. त्यात सव्वादोनशेच्या आसपास माणसं होती. पाच वर्षांच्या करारावर ऊस तोडायला आलेली. १९१७ पर्यंत अशी जहाजं येत राहिली आणि १ लाख ४० हजारांहून जास्त भारतीय या एका बेटावर उतरले. बहुतेक आजच्या उत्तर प्रदेश-बिहारच्या पट्ट्यातले, काही मद्रासकडचे. बरेचसे परत गेलेच नाहीत. आज ३० मे हा इथे सार्वजनिक सुट्टीचा दिवस असतो.

डबल्स मात्र जहाजातून आले नाहीत, ते इथेच जन्मले. १९३६ च्या सुमारास प्रिन्सेस टाउनमध्ये ममूल दीन आणि त्यांची पत्नी एका बाऱ्यावर चणे घालून विकत. गिऱ्हाइकं म्हणू लागली, दोन बारे द्या. एवढंच. त्या जादा बाऱ्यातून एका देशाचा नाश्ता उभा राहिला. आज रांगेत भारतीय वंशाचे, आफ्रिकी वंशाचे, चिनी, सिरियन असे सगळे एकामागे एक उभे असतात आणि हा पदार्थ कोणाचा, यावर इथे भांडण होत नाही.

(रस्त्याकडेच्या टपऱ्या. कढया.)

आणखी दक्षिणेला डेबे. या गावात तळणीचा वास रस्त्यावर उतरलेला असतो. फुलौरी, कचोरी, आणि साहिना. साहिना कसा करतात ते बघा. अळूची पानं, त्यांना वाटाण्याच्या डाळीचं हळद-लसूण घातलेलं पीठ, थरावर थर, गुंडाळी, काप, आणि कढई. आपल्याकडच्या बाईनं हे पाहिलं तर ती म्हणेल, अहो, ही तर अळूवडी! हो, तीच. फक्त चिंच-गूळ आत जायचा तो इथे चटणी होऊन वरून येतो, आणि चण्याच्या डाळीची जागा पिवळ्या वाटाण्यानं घेतलेली आहे.

तोच अळू रविवारच्या जेवणात पुन्हा येतो. या वेळी आफ्रिकी वाटेनं. भेंडी, नारळाचं दूध, भोपळा, कधी खेकडा, आणि अळूची पानं पार विरघळेपर्यंत शिजवलेली. याला कललू म्हणतात. एकाच पानाचे दोन पदार्थ, दोन गुलामगिऱ्यांतून आलेले. दुसरीला कायद्यानं गुलामगिरी म्हटलं नाही, पण मळ्यातल्या माणसाला तो फरक किती जाणवला असेल कोण जाणे.

(क्वीन्स पार्क ओव्हल. हिरवं मैदान, मागे डोंगर.)

इथे दोन मिनिटं थांबायलाच हवं. मराठी माणूस पोर्ट ऑफ स्पेनला आला आणि ओव्हल न बघता गेला, असं व्हायला नको. मार्च १९७१. कर्णधार अजित वाडेकर. मुंबईचा एक एकवीस वर्षांचा मुलगा याच मैदानावर पहिली कसोटी खेळला. ६५ आणि नाबाद ६७. मडगावात जन्मलेल्या दिलीप सरदेसाईंनी त्याच सामन्यात शतक ठोकलं आणि भारतानं वेस्ट इंडीजला पहिल्यांदा कसोटीत हरवलं. मालिकेच्या शेवटच्या कसोटीत, पुन्हा इथेच, सुनील गावसकरांनी १२४ आणि २२० धावा काढल्या. चार कसोट्यांत ७७४. त्रिनिदादच्या लॉर्ड रिलेटर या गायकानं त्यांच्यावर कॅलिप्सो हे इथल्या बाजाचं गाणं रचलं, म्हणजे हरलेल्यांनीच जिंकणाऱ्याचं गाणं केलं. स्टँडमध्ये तेव्हा ऊसमळ्यांतल्या मजुरांची नातवंडं बसली होती, आणि टाळ्या कुणासाठी वाजवायच्या हा त्यांच्या घराघरांतला वादाचा विषय होता.

(पश्चिम किनारा. ओहोटी. चिखल, बगळे, पाण्यात पांढरं देऊळ.)

आता समुद्र. पण पोस्टकार्डवरचा नाही. वॉटरलूजवळ पारियाचं आखात मातकट आहे, वाळूपेक्षा चिखल जास्त. या गावच्या सिवदास साधूंनी साखर कंपनीच्या जमिनीवर देऊळ बांधलं. १९५२ मध्ये ते पाडलं गेलं आणि साधूंना १४ दिवसांची कैद झाली. बाहेर आल्यावर त्यांनी हिशेब मांडला, जमीन कंपनीची, पण समुद्र तर कंपनीचा नाही. सायकलला बादल्या लटकवून ते दगड, सिमेंट ओहोटीच्या वेळी आत नेत राहिले, वर्षानुवर्षं. आज दिसतं ते देऊळ १९९५ मध्ये नव्यानं उभारलेलं आहे. सरकारी साखर कंपनीनं २००३ मध्ये कारभार गुंडाळला. देऊळ आहे.

(छोटं विमान. खाली निळ्या-हिरव्या छटा.)

पोस्टकार्डसाठी टोबॅगोला, याच देशाच्या धाकट्या बेटावर, जावं लागतं. विमानानं २०-२५ मिनिटं. बोटीला काही तास लागतात, आणि ज्यांना गाडी लागते त्यांनी बोटीच्या वाटेला जाऊ नये.

टोबॅगोच्या विमानतळाबाहेर पडून बॅग ओढत चालत गेलात तरी काही मिनिटांत स्टोअर बे येतो. समोर वाळू, मागे खाण्याच्या टपऱ्यांची एक ओळ. जवळजवळ प्रत्येक पाटीवर ‘मिस’ अमुक, ‘मिस’ तमुक. सगळ्या बायकांच्या नावाच्या. मागवायचं काय, हा प्रश्नच नाही: क्रॅब अँड डम्पलिंग.

(जवळून: ताट.)

जमिनीत बिळं करून राहणारा निळसर खेकडा. कवच फोडून, हिरव्या मसाल्यात मुरवून, करी पावडर तेलात परतून, नारळाच्या दुधात शिजवलेला. शेजारी मैद्याच्या जाड, चपट्या उकडलेल्या चकत्या, म्हणजे डम्पलिंग. काटा-चमचा मिळतो, पण त्याचा उपयोग नाही. नांगी दाताखाली धरायची, रस मनगटापर्यंत ओघळू द्यायचा आणि डम्पलिंगनं तो टिपून घ्यायचा. मालवणी तिखल्याची सवय असलेल्यांना मसाला सौम्य वाटेल. करी पावडरचा वास थोडा पुढे येतो, हेही खरं. पण खेकड्याचं मांस गोड आणि भरगच्च असतं. माझं प्रामाणिक मत विचाराल तर डम्पलिंगपेक्षा भात बरा. पण तसं काउंटरवर बोलू नका.

पिजन पॉइंटला तिकीट काढून आत जायचं. गवताच्या छपराचा तो लाकडी धक्का तुम्ही फोटोत पाहिलेलाच आहे. तिथून काचेच्या तळाच्या बोटी बुकू रीफ या प्रवाळाच्या पट्ट्याकडे आणि नायलॉन पूलकडे जातात. हा पूल म्हणजे किनाऱ्यापासून दूर, भर समुद्रातलं उथळ तळं, पाणी कमरेएवढं. यात बुडी मारली की माणूस पाच वर्षांनी तरुण होतो, असं नावाडी सांगतात. एका फेरीतल्या सर्वांना एकच सवलत. खालचं प्रवाळ मात्र तरुण राहिलेलं नाही. तापलेल्या पाण्यानं २००५ आणि २०१० साली ते पांढरं पडलं, आणि त्याच्यावर पाय देऊन उभे राहणाऱ्या पर्यटकांनीही हातभार लावला. बोटीवर प्लास्टिकच्या चपला देतात. त्या वाळूसाठी आहेत, प्रवाळासाठी नाहीत.

(बातम्यांतली दृश्यं: काळा किनारा, बादल्या, पांढरे पोशाख.)

७ फेब्रुवारी २०२४. टोबॅगोच्या दक्षिण किनाऱ्याजवळ एक बार्ज उलटा पडलेला सापडला. खलाशी नाहीत, मदतीची हाक नाही. त्यातून गळणाऱ्या तेलानं काही दिवसांत कित्येक किलोमीटर किनारा काळा केला. कार्निव्हलचा आठवडा, पाहुण्यांनी भरलेलं बेट, आणि पंतप्रधानांच्या तोंडी ‘राष्ट्रीय आणीबाणी’. गावकरी स्वतः फावडी घेऊन उतरले.

तेल हा या देशाचा शाप वाटेल. पण शेजारच्या त्रिनिदादमध्ये याच तेलानं आणि नैसर्गिक वायूनं एक वेगळंच काम केलं आहे. त्यानं किनारे वाचवले आहेत. म्हणजे पाहुण्यांपासून.

(नकाशा: कॅरिबियन.)

जमैका, अँटिग्वा, सेंट लुशिया, बार्बाडोस ही बेटं मोठ्या प्रमाणात पर्यटनावर जगतात. हॉटेलात पाऊल ठेवताच मनगटाला पट्टा. त्या पट्ट्यात खोली, जेवण, दारू सगळं आलं. आठवडाभर फाटकाबाहेर जायची गरज नाही. बुफेवरचं पुष्कळसं अन्न जहाजानं बाहेरून आलेलं, आणि मिरची कुणाला झोंबू नये इतपतच. त्रिनिदादला या धंद्याची तेवढी गरज कधी पडली नाही. त्यामुळे इथल्या किनाऱ्यावरचा स्वयंपाक पाहुण्यांच्या जिभेला घाबरून बदललेला नाही. तो पोर्ट ऑफ स्पेनच्या कारकुनासाठी आणि टॅक्सीवाल्यासाठी शिजतो. तुम्ही आलात तर रांगेत उभे राहा.

(घाटाचा रस्ता. बांबू, धुकं.)

त्रिनिदादच्या उत्तरेचा हा रस्ता लोकांना भरपाई म्हणून मिळालेला. दुसऱ्या महायुद्धात अमेरिकेनं चग्वारामासमध्ये नाविक तळ टाकला आणि शहराजवळचे आंघोळीचे किनारे लोकांना बंद झाले. बदल्यात अमेरिकनांनी डोंगर फोडून मराकसपर्यंत रस्ता करून दिला, तो १९४४ मध्ये. अर्ध्या वाटेवर एक सज्जा आहे. तिथे चाऊ मिळतो: कैरीच्या किंवा अननसाच्या फोडी, मीठ, लसूण, मिरची, शॅडो बेनी. प्लास्टिकच्या पिशवीत, काडीनं खायचा. पिशवीत उरलेलं पाणी प्यायचंही असतं.

मराकस. डोंगरांच्या कुशीत अर्धचंद्रासारखी खाडी, माड, आणि बऱ्यापैकी दांडग्या लाटा. लाल झेंडा दिसला तर पाण्यात जाऊ नका; ओढ इथे खरीच असते. पोहून आल्यावर बेक अँड शार्क. मैद्याची टम्म तळलेली जाड पोळी मधोमध फाडतात, आत लिंबू-मसाल्यात मुरवून तळलेला मासा घालतात. मग ताट घेऊन तुम्ही चटण्यांच्या ओट्यापाशी: चिंच, लसूण, शॅडो बेनी, अननस, कोबी, मिरची. कोण किती घालतो त्यावरून तो कुठला हे ओळखता येतं.

शार्कबद्दल एक गोष्ट सांगून टाकतो. हा मासा वयात यायला वर्षं घेतो आणि पिल्लं थोडी देतो. ज्या वेगानं पकडला जातो त्या वेगानं तो भरून येत नाही. टपऱ्यांवर सुरमईच्या जातीचा किंगफिश मिळतो, कोळंबीही मिळते. चटण्या त्याच. मी किंगफिश घेईन.

(पुढचा किनारा. कमी गर्दी. झाडाखाली कुटुंब, काळं पातेलं.)

मराकसच्या पुढे लास क्यूव्हास. पाणी शांत, टपऱ्या तुरळक. इथे लोक जेवण घरून आणतात, आणि ते बहुधा पेलाव असतं. जड पातेल्यात तेल, त्यात साखर. साखर वितळते, फेसाळते, काळपट तांबूस होते. कडू व्हायच्या क्षणभर आधी कोंबडी टाकायची; चुकलं तर सगळं फेकायचं. मग हिरवे तुरीचे दाणे, तांदूळ, नारळाचं दूध आणि वर एक अख्खी मिरची, न फुटेल अशी ठेवलेली. झाकण.

पेलाव दुकानातही मिळतो, पण त्याची चव अशी नसते. इथे करायचं ते इतकंच: कुणाच्या तरी पातेल्याच्या आसपास पंचा टाकायचा आणि बोलणं सुरू करायचं. १९७१ चा विषय अजून चालतो. फक्त दुपारी जरा लवकर पोचा. ऊन कललं की लास क्यूव्हासला वाळूमाश्या चावायला लागतात, आणि मंडळी भांडी आवरतात.